धर्मनीती, कायदा आणि व्यक्तिस्वातंत्र्य

कायदा, धर्म आणि नीती या तीन शब्दांच्या व्याख्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात निरनिराळ्या दिलेल्या असतात, आणि परीक्षेपुरत्या त्या पाठ करणे काही अवघड नसते. नीती मनुष्याच्या विवेकाला आवाहन करते. तिचा भंग करणाऱ्याचे मन त्याला खाते, फार तर चार माणसे त्याला नावे ठेवतात. धर्म मनुष्याचे ईश्वराशी असलेले नाते सांगतो. त्याचा भंग झाल्यास प्रायश्चित्त असते. कायदा मात्र राज्याचा असतो. त्याच्या पाठीशी शिपाई, न्यायाधीश आणि तुरुंग उभे असतात. व्याख्या अशा स्वच्छ असल्या तरी इतिहासात या तिघांच्या सीमा इतक्या स्वच्छ कधीच नव्हत्या. कालचा धर्मनियम आज कायदा होतो, आजचा कायदा उद्या रूढी होऊन बसतो, आणि रूढी पुन्हा धर्माचे नाव धारण करून आपल्यासमोर उभी राहते.

म्हणूनच धर्मातील नीतीने कायद्यावर किती अंमल चालवावा, हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे नव्याने येतो. कोणी म्हणतो, धर्मात जे पाप आहे ते कायद्यात गुन्हा असलेच पाहिजे. कोणी म्हणतो, कायद्याने धर्माकडे ढुंकूनही पाहू नये. ही दोन्ही उत्तरे सोपी आहेत, आणि आमच्या मते दोन्ही अपुरी आहेत. तेव्हा हा प्रश्न शब्दांच्या हवेत न सोडविता एका प्रत्यक्ष खटल्याच्या आधाराने तपासून पाहावा, असे आम्ही योजिले आहे. हा खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात चालला, तो मराठी कुटुंबातील एका तरुणीविरुद्ध होता, आणि त्याने एके काळी हिंदुस्थानातील व विलायतेतील वर्तमानपत्रांचे रकाने भरून टाकले होते. तो खटला म्हणजे दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई.

एक दावा

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस झाला. त्या लहान असतानाच त्यांचे वडील जनार्दन पांडुरंग वारले. त्यांची आई जयंतीबाई सुतार ज्ञातीच्या. या ज्ञातीत विधवेच्या पुनर्विवाहास रूढीची मोकळीक होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याप्रमाणे पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क जात असे. म्हणून दुसऱ्या विवाहापूर्वी जयंतीबाईंनी ती मालमत्ता आपल्या मुलीच्या नावे करून दिली. सावत्र वडील सखाराम अर्जुन हे नामांकित वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि मुलीच्या शिक्षणाविषयी त्यांना आस्था होती.

तथापि काळाची रीत त्यांच्याही घरी चुकली नाही. अकरा वर्षांच्या वयात रखमाबाईंचे लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजींशी लावण्यात आले. दादाजींनी विद्याभ्यास करून काही मार्गाला लागावे अशी अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही. ते मामांकडे राहू लागले, त्यांची प्रकृतीही खालावली. रखमाबाई आईच्या घरीच राहिल्या आणि मिळतील ती पुस्तके वाचून त्यांनी आपले शिक्षण आपणच केले. त्या सासरी नांदावयास गेल्या नव्हत्या. अशी सुमारे आठ वर्षे लोटल्यावर १८८४ साली दादाजींनी न्यायालयात दावा लावला. मागणी एवढीच की, आपली पत्नी आपल्याकडे नांदावयास आली पाहिजे.

आता रखमाबाई वीस वर्षांच्या झाल्या होत्या. त्यांचे म्हणणे असे होते की, ज्या विवाहास आपण समजत्या वयात संमती दिली नाही, त्या विवाहाखातर एका परक्या माणसाच्या घरी जाण्याची सक्ती आपल्यावर होऊ नये. १८८५ साली त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया' पत्रात 'एक हिंदू स्त्री' या टोपणनावाने बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर पत्रे लिहिली. पत्रे गाजली, ती कोणाची हे पुढे लोकांना कळलेच.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी दादाजींचा दावा फेटाळला. जी दोन माणसे कधी एकत्र नांदलीच नाहीत, त्यांच्या बाबतीत नांदणे पूर्ववत सुरू करण्याचा प्रश्न येतोच कोठे, असा त्यांच्या निकालाचा रोख होता. शिवाय हिंदू धर्मशास्त्रात पत्नीला अशा रीतीने न्यायालयाकरवी ओढून आणण्याचा आधार नाही, हेही त्यांनी दाखवून दिले. या निकालाने मोठाच गहजब उडाला. 'केसरी' व 'मराठा' यांनी रखमाबाईंच्या विरुद्ध बाजू घेतली; इकडे बेहरामजी मलबारी आदी मंडळींनी त्यांच्या साहाय्यार्थ समिती उभारली; पंडिता रमाबाईंनी आपल्या इंग्रजी ग्रंथात या खटल्याची हकीकत जगापुढे मांडली. १८८६ साली अपिलात मुख्य न्यायाधीश सार्जंट व न्यायमूर्ती बेली यांनी पहिला निकाल फिरविला. लग्न लागले की हिंदू विवाह पुरा झाला, तेव्हा दावा चालू शकतो, असे त्यांनी ठरविले आणि प्रकरण परत खाली पाठविले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला : रखमाबाईंनी एका महिन्यात पतीच्या घरी जावे, न गेल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद भोगावी लागेल.

बावीस वर्षांच्या त्या तरुणीने उत्तर दिले की, आपण जाणार नाही, कैद पत्करू.

या दाव्याचे मूळ

आता विद्यार्थिमित्रांनी येथे क्षणभर थांबून एक प्रश्न स्वतःस विचारावा. पत्नी घरी येत नसेल तर तिला तुरुंगात घालावे, ही कल्पना आली कोठून? त्या काळच्या बहुसंख्य सुशिक्षित लोकांची अशी समजूत होती की, रखमाबाई हिंदू धर्माविरुद्ध वागत आहेत आणि न्यायालय हिंदू धर्माचे रक्षण करीत आहे. वस्तुस्थिती फार निराळी होती.

आमच्या प्राचीन स्मृतिकारांनी पत्नीधर्मावर कमी उपदेश केलेला नाही, आणि त्या उपदेशाचा जाच स्त्रियांना कमी झाला असेही नाही. परंतु नांदण्याचा हा दावा हिंदू धर्मशास्त्राने दिलेला नव्हता. तो इंग्लंडातील ख्रिस्ती धर्मपीठांच्या न्यायालयांतून आला होता. विवाह हा चर्चच्या दृष्टीने पवित्र संस्कार; तेव्हा पती किंवा पत्नी विनाकारण वेगळी राहिली तर तिला पुन्हा एकत्र राहण्याची आज्ञा करणे हे धर्मपीठाचे काम. आज्ञा न पाळणाऱ्यास धर्मबहिष्काराची शिक्षा असे. १८१३ साली पार्लमेंटने या बहिष्काराच्या जागी तुरुंग आणला. १८५७ साली विवाहविषयक खटले धर्मपीठांकडून काढून राज्याच्या न्यायालयाकडे देण्यात आले, पण हा दावा मात्र तसाच राहिला. धर्मगुरूची आज्ञा न्यायाधीशाच्या हुकुमाचा वेष घालून वावरू लागली. जन्म कोठला याची कोणाला आठवणही उरली नाही.

इंग्रजी राज्याबरोबर तो दावा हिंदुस्थानात आला. १८६७ साली एका मुसलमान दांपत्याच्या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने असा दावा येथेही चालतो असे मानले, आणि पुढे तोच मार्ग हिंदूंना मोकळा झाला. याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. ज्या १८८४ साली दादाजींनी मुंबईत दावा लावला, त्याच वर्षी इंग्लंडात पार्लमेंटने कायदा करून अशा प्रकरणातील कैद रद्द केली. म्हणजे चर्चच्या नीतीतून जन्मलेली जी शिक्षा इंग्लंडने आपल्या स्त्रीपुरुषांसाठी टाकून दिली, तीच शिक्षा हिंदुस्थानात एका हिंदू स्त्रीला हिंदू धर्माच्या रक्षणार्थ ठोठावली जात होती! आणि परकीय सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये म्हणून जे आवेशाने लिहीत होते, त्यांना याच परकीय सरकारचा तुरुंग या कामी चालत होता.

यावरून पहिला धडा असा घ्यावा : कायद्याला धर्माचे नाव दिले म्हणजे तो धर्मातून आलाच असे नव्हे. एखाद्या नियमाच्या समर्थनार्थ धर्माचा हवाला दिला जातो तेव्हा त्या नियमाची वंशावळ तपासण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. किंबहुना ते त्याचे कर्तव्य आहे.

संमतिवयाचा वाद

रखमाबाईंच्या खटल्याने जो प्रश्न उभा केला तो त्यांच्याबरोबर संपला नाही. हिंदुस्थानच्या १८६० च्या दंडसंहितेने विवाहित मुलीच्या संरक्षणासाठी दहा वर्षांची मर्यादा घातली होती. १८९० साली कलकत्त्यास एक खटला चालला. फुलमणी नावाची मुलगी पतीच्या बळजबरीमुळे मृत्यू पावली होती. तिने वयाची दहा वर्षे ओलांडली होती. एवढ्याच कारणाने पतीवर बलात्काराचा आरोप टिकू शकला नाही, आणि त्याला केवळ एक वर्षाच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. या घटनेने विचारी माणसे हादरली. जानेवारी १८९१ मध्ये सर अँड्र्यू स्कोबल यांनी ही मर्यादा बारा वर्षांवर नेणारे विधेयक मांडले आणि १९ मार्च १८९१ रोजी ते मंजूर झाले.

बारा वर्षे ही मर्यादा आज ऐकताना अंगावर काटा येतो. परंतु त्या वेळी तीही अनेकांस धर्मबुडवी वाटली. गर्भाधानसंस्कार ऋतुप्राप्तीनंतर लगेच झाला पाहिजे, तेव्हा हा कायदा संस्काराच्या आड येतो, असे विरोधकांचे म्हणणे होते. लोकमान्य टिळक हे विरोधकांचे अग्रणी. त्यांना न्याय देऊन हेही सांगितले पाहिजे की, त्यांचा मुख्य आक्षेप कायदा करणारे हात परके आहेत हा होता. समाजाने आपली सुधारणा आपण करावी, राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यात धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन दिलेले आहे, असा त्यांचा पक्ष होता. पारतंत्र्यात असलेल्या राष्ट्राच्या पुढाऱ्याला असे वाटणे अस्वाभाविक नव्हते. परंतु सुधारकांचा प्रतिप्रश्न असा होता की, समाज आपणहून सुधारेपर्यंत ज्या मुली मरतील त्यांची जबाबदारी कोणावर? आगरकरांनी 'सुधारका'तून हा प्रश्न निर्भीडपणे लावून धरला. न्यायमूर्ती तेलंगांनी कायद्याची बाजू मांडली. डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी तर विरोधकांच्याच घरात शिरून, म्हणजे धर्मग्रंथांचाच अर्थ लावून, उशिरा विवाह शास्त्रास मान्य असल्याचे दाखविले.

येथे दुसरा धडा आहे, आणि तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. धर्मनीतीचा कायद्यावर परिणाम झाला म्हणजे तो वाईटच झाला, असे समजू नये. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पराशरस्मृतीच्या आधारे विधवाविवाहाचे समर्थन केले आणि त्यातून १८५६ चा कायदा आला. मुंबईत १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजातील भांडारकर, रानडे प्रभृती माणसे देवाधर्माला मानणारीच होती. त्यांची दयाबुद्धी धर्मातूनच पोसली गेली होती. तेव्हा वाद धर्म मानणारे आणि न मानणारे यांच्यात नव्हता. एकाच धर्मात वाढलेल्या माणसांपैकी काहींना त्या धर्मातील करुणा आधी दिसत होती आणि काहींना त्या धर्मातील आज्ञा आधी दिसत होती.

कायद्याची तीन कामे

मग चांगला परिणाम कोणता आणि वाईट कोणता, हे ओळखावे कसे? आमच्या अल्प मतीप्रमाणे यासाठी कायद्याची तीन कामे वेगळी करून पाहावी.

काही कायदे दार उघडतात. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा या जातीचा. त्याने एकाही विधवेला लग्न कर अशी सक्ती केली नाही. ज्या विधवेला व्रतस्थ राहावयाचे होते तिला तसे राहण्यास पूर्ण मुभा होती. ज्या विधवेला पुन्हा संसार मांडावयाचा होता तिचा विवाह व तिची मुले औरस ठरतील, एवढीच हमी त्याने दिली. मालमत्तेविषयीचे त्याचे कलम अन्यायाचे होते, ते आपण वर पाहिलेच. पण कायद्याचा गाभा दार उघडण्याचाच होता.

काही कायदे कुंपण घालतात. १८२९ चा सतीबंदीचा कायदा, १८९१ चा संमतिवयाचा कायदा, १९२९ चा बालविवाहप्रतिबंधक म्हणजे शारदा कायदा हे या जातीचे. यात सक्ती आहे. पण ती दुर्बलाच्या अंगावर चालून येणाऱ्या सबलावर आहे. चितेकडे नेली जाणारी स्त्री किंवा बोहल्यावर उभी केलेली आठ वर्षांची मुलगी स्वतःचे रक्षण करू शकत नाही, म्हणून राज्य तिच्याभोवती कुंपण घालते. शारदा कायद्याने मुलीचे वय चौदा व मुलाचे अठरा ठरविले. १९७८ साली ते अनुक्रमे अठरा व एकवीस झाले. आणि २००६ साली बालविवाहाविरुद्ध नवा, अधिक कडक कायदा झाला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील पत्नीलाही बलात्काराच्या कायद्याचे संरक्षण मिळाले पाहिजे असा निर्णय दिला. म्हणजे फुलमणीच्या वेळी दहावर असलेले कुंपण अठरावर येण्यास सुमारे सव्वाशे वर्षे लागली.

आणि काही कायदे हात धरून ढकलतात. रखमाबाईंवर झालेला हुकूम या तिसऱ्या जातीचा. येथे ज्याचे रक्षण करावयाचे असा दुर्बल कोणी नाही. समजत्या वयाचे माणूस आहे, ते कोणाची इजा करीत नाही, आणि तरीही दुसऱ्या कोणाच्या नीतीला अनुरूप असे त्याने वागावे म्हणून तुरुंगाचे दार उघडले जात आहे. व्यक्तिस्वातंत्र्याचा खरा घात होतो तो येथे.

ही तीन कामे ध्यानी ठेवली म्हणजे पुष्कळ गोंधळ कमी होतो. सतीबंदी आणि नांदण्याची सक्ती या दोन्हींत सरकार हात घालते, म्हणून दोन्ही सारखीच, असे म्हणणाऱ्याला मग सहज उत्तर देता येते.

आपल्या गोव्याचा अनुभव

कोणी विचारील, बहुसंख्यांना जी नीती पवित्र वाटते ती कायद्याने सर्वांस लावली तर बिघडले काय? याचे उत्तर देण्यास गोमंतकीयांना दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याकडे इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय १५६० साली बसले. मध्यंतरी १७७४ ते १७७८ एवढा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत चालू होते. या न्यायालयाने १७३६ साली एक हुकूमनामा काढला. ज्यांच्या पूर्वजांचे धर्मांतर झाले होते अशा कुटुंबांत हिंदू चालीरीतींचा मागमूसही राहू नये, हा त्याचा हेतू. दारात तुळस लावू नये, हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवू नये, लग्नात ओव्या गाऊ नयेत, अशा तपशिलापर्यंत तो उतरला होता. भात शिजविणाऱ्या स्त्रीने मीठ कधी घालावे हे धर्मन्यायालय ठरवीत होते! ज्यांनी हा हुकूम काढला त्यांना आपण जुलूम करतो आहोत असे वाटत नसावे. माणसांचे आत्मे आपण तारीत आहोत अशीच त्यांची श्रद्धा असावी. चुलीजवळ बसलेल्या बाईला काय वाटले, हे मात्र त्यांनी विचारले नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, आपल्या धर्माची नीती कायद्याने इतरांवर लादावी असा मोह झाला की, दुसऱ्याच्या धर्माची नीती आपल्यावर लादली गेली तेव्हा काय झाले, ते आठवावे. तराजू एकच असला पाहिजे.

पुढल्या काळातही गोव्यातील कायद्यावर धर्मनीतीची छाया राहिली. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता येथे लागू झाली, पण हिंदूंच्या चालीरीतींसाठी १८८० साली वेगळा हुकूमनामा निघाला. पत्नी पंचवीस वर्षांची होईपर्यंत मूल झाले नाही, अथवा तीस वर्षांची होईपर्यंत मुलगा झाला नाही, तर पतीला दुसरी पत्नी करण्याची त्यात सवलत होती. पत्नीसाठी अशी कोणतीही सवलत नव्हती. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि घटस्फोटाचा कायदा झाला. परंतु पोपशी झालेल्या करारानंतर १९४६ च्या हुकूमनाम्याने, चर्चमध्ये विवाह करणाऱ्या कॅथलिकांनी तो हक्क सोडला असे धरले. हिंदू असो वा ख्रिस्ती, धर्माच्या नावाने काढलेल्या सवलतीचा लाभ कोणाला आणि भार कोणावर, हे पाहू गेले तर भार बहुधा स्त्रीच्या किंवा दुर्बलाच्याच डोक्यावर आढळतो.

पुढे काय झाले?

रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत. अपिलाची खटपट चालू असतानाच जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला. पुढे दादाजींनी दुसरे लग्न केले. त्यांना कायद्याची आडकाठी नव्हती. रखमाबाईंना तसे स्वातंत्र्य नव्हते. १८८९ साली त्या विलायतेस गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयात शिकल्या, १८९४ मध्ये शिक्षण पुरे करून परत आल्या. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून पदवी घेऊन आल्या होत्या, परंतु व्यवसाय सुरू होण्यापूर्वीच १८८७ साली त्यांना मृत्यूने गाठले होते. रखमाबाईंच्या वाट्याला मात्र दीर्घ सेवा आली. सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे काम केले. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वद वर्षांच्या होऊन, त्या निवर्तल्या.

कायदाही हळूहळू पालटला. १९२३ साली हिंदुस्थानात या दाव्यातील कैद रद्द झाली. म्हणजे न्यायमूर्ती फॅरन यांच्या हुकुमानंतर छत्तीस वर्षांनी. इंग्लंडने तर १९७० साली हा दावाच मुळातून काढून टाकला. आपल्याकडे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात तो कायम ठेवण्यात आला. आता तो पतीप्रमाणे पत्नीलाही लावता येतो, आणि हुकूम न पाळल्यास मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. (गोव्यात हा कायदा लागू झालेला नाही, मुक्तीनंतरही येथे पूर्वीचाच नागरी कायदा चालू राहिला.) १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती चौधरी यांनी हे कलम व्यक्तीच्या खाजगी जीवनावर आघात करणारे म्हणून घटनाबाह्य ठरविले. दुसऱ्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते मत मानले नाही. दांपत्याला पुन्हा एकत्र येण्याची संधी देणे हा कलमाचा हेतू आहे, असे म्हणून कलम कायम केले. २०१७ साली त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क आहे असा निर्वाळा दिला. या दोन निर्णयांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न कायद्याच्या अभ्यासकांपुढे उभा आहे. उद्या तुमच्यापैकी कोणी वकील झाल्यास तो तुमच्याही पुढे येईल.

आपल्या राज्यघटनेने या बाबतीत जी वाट आखली आहे ती समजून घेण्यासारखी आहे. पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येकास सदसद्विवेकबुद्धीचे व धर्माचे स्वातंत्र्य दिले. परंतु ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन ठेवले. एकविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येकाच्या जीविताचे व व्यक्तिगत स्वातंत्र्याचे रक्षण केले. म्हणजे घटना धर्माला हद्दपार करीत नाही. त्याला माणसाच्या मनात व आचरणात मानाचे स्थान देते, आणि दुसऱ्या माणसाच्या स्वातंत्र्याशी येताच त्याला थांबावयास सांगते. डॉक्टर आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत बोलताना घटनात्मक नीतीची गोष्ट काढली होती. ही नीती निसर्गतः येत नाही, ती अंगी बाणवावी लागते, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. शाळा हे ती बाणविण्याचे पहिले ठिकाण.

रखमाबाईंच्या चरित्रातील एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. १९०४ साली दादाजी वारले. तेव्हा रखमाबाईंनी हिंदू विधवेच्या रीतीप्रमाणे पांढरे लुगडे नेसण्यास आरंभ केला, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आढळते. त्या वेळी त्या सुरतेस डॉक्टर होत्या, स्वतः मिळवत्या होत्या, त्यांच्यावर कोणाचीही सक्ती नव्हती. त्यांच्या मनात काय होते ते आपण सांगू शकत नाही. काहींना ही विसंगती वाटेल. आम्हांस मात्र यात विसंगती दिसत नाही. न्यायालयाने तुरुंगाचा धाक घालूनही ज्या स्त्रीला वाकविता आले नाही, तिने सतरा वर्षांनी एक रीत आपणहून उचलली. धर्म कितीही कठोर असो, माणसाने स्वतः स्वीकारला की तो त्याचा होतो. शिपायाने दारात आणून टाकला की तो केवळ हुकूम उरतो.

या वर्षी वादविवाद स्पर्धेत असा काही विषय निघाला, किंवा घरी वडीलधाऱ्या मंडळींत अशी चर्चा रंगली, तर विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न हाताशी ठेवावे. हा नियम खरोखर आला कोठून? तो दार उघडतो, कुंपण घालतो की हात धरून ढकलतो? आणि ज्याच्यावर तो लागू होणार त्याला कोणी विचारले आहे काय? बाजू कोणतीही घ्या, पण या तीन प्रश्नांची उत्तरे दिल्यावाचून घेऊ नका.